कोलाची चौथी फाक

आयिन्ला आला तो मोकळी गाडी घेऊन. शाकी शहरातून भाड्याने आणलेली ती जुनी पिकअप अंगणाच्या तोंडाशी थांबली, तेव्हा त्याचा थोरला सावत्र भाऊ तोला कंदांच्या मांडवात उभा राहून दोर तपासत होता. त्याने गाडीचा मागचा भाग पाहिला. तो झाडून, वर ताडाच्या ओल्या झावळ्या अंथरून आणला होता. म्हणजे हा आज नेणारच.

बाप, ओपादिरान, ओट्यावर मक्याची आंबील पीत बसला होता. आयिन्ला त्याच्यापुढे गेला आणि पूर्ण लोटांगण न घालता नुसता वाकला. उजव्या हाताची बोटे जमिनीला टेकवून उठला. चुलीपाशी मोठी आई आसाबी, तोलाची आई, होती. तिच्या हातातली पळी तेवढ्यापुरती थांबली.

"शर्टाला इस्त्री दिसतेय," बाप म्हणाला.

"गाडीवाला खोळंबलाय, बाबा. दुपारच्या आत सोडायचीय."

"आंबील घे."

"नको."

"बरं. मग वाटणी कर आणि ने. तुझा वाटा आहे, मी कुठं नाही म्हणतोय."

बाप नाही म्हणत नव्हता, हेच आयिन्लाला जास्त लागत होते. मागच्या सुगीच्या सणाला बापाने देवापुढे फावडे ठेवून शेताचा कारभार तोलाच्या हाती दिला होता. प्रसादाचे कोलाचे फळ फोडले होते, घरच्यांना फाका वाटल्या होत्या. आयिन्लाला ते शाकीत कळले, तेही त्याच्या वेल्डिंगच्या दुकानात गेट जोडून घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून. तेव्हाच त्याने ठरवले, आपल्या वाट्याचे, म्हणजे अर्धे, बियाण्याचे कंद उचलायचे आणि सासऱ्याच्या जमिनीत लावायचे. अर्धे बियाणे गेले की घराचे अर्धे शेत ह्या वर्षी पडून राहणार. पडून राहिलेल्या शेताकडे चुलत्यांच्या नजरा वळतात, आणि एकदा भावांची बियाणी वेगळी झाली की पुढे चुलीही वेगळ्या होतात. हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते.

मांडव घरामागेच होता. जिवंत फांद्यांचे खांब, वर झावळ्यांची सावली आणि प्रत्येक खांबाला खालपासून वरपर्यंत यामचे कंद आडवे बांधलेले. हातभर लांब, खरबरीत तपकिरी सालीचे, काहींच्या टोकांना जांभळे कोंभ फुटू लागलेले. आठवड्यापूर्वी पहिला बरा पाऊस झाला होता. कंदांना ते मांडवात राहूनच कळले होते.

"हे तुझं, हे माझं," म्हणत तोलाने कडेचे खांब वाटायला सुरुवात केली. मधल्या खांबाशी आल्यावर त्याने हात आखडता घेतला.

"हा मोजायचा नाही. हे खालच्या ओलीतल्या रानाचं बियाणं. ते ह्याच मातीत येतं."

"माती काय तुझ्या आईनं लग्नात आणली होती?"

आसाबी पळी घेऊनच मांडवाशी आली. "तोंड सांभाळ, आयिन्ला. त्या ओलीतले दगड मी आणि तुझ्या आईनं मिळून वेचलेत. तू पाठीला बांधलेला होतास तिच्या. आणि दगड वेचताना रडून रडून डोकं उठवायचास, ते वेगळंच."

"मग माझ्या आईचा वाटा कुठाय त्यात?"

"ओरडू नकोस माझ्या आईवर!" तोला ओरडला.

"तू ओरडतोयस!"

तोलाची बायको मोरेनिके काखेतल्या बाळासह धावत आली, "शेजारी ऐकताहेत," म्हणून तीही ओरडली. तोलाने रागाने कोयता उपसला आणि मधल्या खांबाचा दोर तोडायला हात उचलला. "घे! सगळंच घे!"

त्याच वेळी तो आवाज सुरू झाला. आधी सगळ्यांना वाटले, गाडी चालू झाली. मग अंगणावर एक धुरकट, थरथरती सावली आली, शेणीच्या धुरासारखी, पण धुराला वास असतो, तिला नव्हता. मधमाश्या होत्या. हजारो. त्या मांडवावर घुमल्या, झावळ्यांतून आत शिरल्या आणि पाहता पाहता मधल्या खांबावर गोळा झाल्या. आधी मूठभर, मग सुपाएवढ्या. दोन कंद आणि त्यांमधली जागा माश्यांनी पार झाकून गेली. गाडीवाला काचा वर करून आत बसला.

"हळू," बाप म्हणाला.

तो ओट्यावरून केव्हा उतरला होता, कोणी पाहिले नव्हते. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तोलाकडे हात केला. तोलाने कोयता खाली केला, मागे सरकत मांडवाबाहेर आला आणि तो दूर, गवतात ठेवला. आसाबी होती तिथेच गुडघ्यांवर बसली. पळीतून आंबील मातीवर ठिबकत होती.

"पाहुणे आलेत," बाप इतक्या हळू म्हणाला की पुढे वाकून ऐकावे लागले. "आता आवाज नाही."

*

ओपादिरानच्या घरात शेताचा देव ओरिशा ओको नांदत होता. इरावोच्या लोहारांनी घडवलेली त्याची लोखंडी काठी बापाच्या आज्यापासून आतल्या खोलीत उभी होती, तांबड्या कापडात गुंडाळलेली. मधमाश्या ह्या त्या देवाचा निरोप आणणाऱ्या. त्या घरात येऊन बसल्या की ह्या घराची रीत ठरलेली होती. धूर करायचा नाही, जवळ लोखंड न्यायचे नाही, आणि त्या उठून जाईपर्यंत घरातल्या कोणी, कुठेही असला तरी, आवाज चढवायचा नाही. लहानपणी आयिन्लाने विचारले होते की देवाची काठी लोखंडाची, मग त्याच्या माश्यांना लोखंड का चालत नाही? बाप म्हणाला होता, "राजाच्या कमरेला तलवार असते म्हणून तू तलवार घेऊन जातोस का त्याच्याकडे?"

बापाने काठीपाशी गार पाणी ओतले. कोलाचे फळ फोडून चार फाका तळहातावर घेतल्या. पाहुण्यांना दुसरीकडे बसवू का, असे विचारून फाका टाकल्या. चारही पालथ्या पडल्या, म्हणजे नकार. त्याने त्या उचलून पुन्हा पाणी शिंपडले, थांबू का, असे विचारले. दोन उताण्या, दोन पालथ्या. बापाने समाधानाने मान हलवली. आयिन्लाने दारातून हे पाहिले, आणि फाका वाटायच्या आत तो तिथून निघून गेला.

गाडीवाला तोवर पसार झाला होता. आयिन्लाने त्याला फोन लावला.

"उद्याच ये," तो हाताच्या आडून कुजबुजला.

"काय? ऐकू येत नाही."

"उद्या ये म्हणतो."

"एवढं हळू का बोलतोस? कोणाचं चोरतोयस का?"

"माझंच आहे."

"आपल्या मालाबद्दल माणूस असं बोलत नाही, भाऊ. मला त्यात घेऊ नकोस."

परत जाता आले असते. पण माश्या उठल्या आणि आपण नसलो तर मधला खांब तोला रिकामा करील, असे त्याला वाटले. म्हणून तो राहिला. त्याच्या आईची खोली अजून होती. ती वारून बरीच वर्षे झाली होती. पलंगावर कोरड्या गवतात एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. तिने मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिले.

"तिला उठवू नका भाऊजी," मोरेनिके दारात येऊन हळूच म्हणाली. "तिचे दिवस भरत आलेत."

"माझ्या आईच्या पलंगावर?"

"तुम्ही येत-जात असता तर तिला दुसरीकडे बसवली असती."

ह्यावर ओरडण्यासारखे पुष्कळ होते. आयिन्लाने खाली चटई टाकली.

*

दुसऱ्या दिवशी सावडीची पाळी ओपादिरानच्या शेताची होती. आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबणारी ही घरे. पाळी चुकली तर पुन्हा सगळ्यांची कामे होईपर्यंत तोंड बघत बसायचे. माणसे आखूड दांड्याची रुंद फावडी खांद्यावर टाकून आली. आयिन्लाला घरी बसवेना. त्याने भिंतीला लावलेले जुने फावडे घेतले. ते त्याचेच होते. दांड्यावर लहानपणी तापल्या खिळ्याने काढलेली रेघ होती.

कंदासाठी मातीचे गुडघाभर उंच ढीग करायचे असतात. पाय फाकवून, कमरेत वाकून, दोन्ही बाजूंनी माती आपल्याकडे ओढायची. पावसाने वरची वीतभर माती मऊ झाली होती, खाली ती अजून विटेसारखी होती. फावडे त्या थरावर आदळले की झिणझिण्या कोपरापर्यंत येत. थोड्याच वेळात आयिन्लाच्या तळव्यांना फोड आले, उन्हे वर आली तसे ते फुटले.

"काय रे वेल्डर," शेजारच्या ओळीतून लासिसी ओरडला. लासिसीचे घर मुसलमानाचे. पण काल संध्याकाळपासून तोही ओपादिरानच्या अंगणावरून जाताना चपला हातात घेऊन जात होता. इथे रानात मात्र त्याला कशाची आडकाठी नव्हती. "जोडणारे हात आहेत तुझे. खोदायला कुठं निघालास?"

आयिन्लाने हळू आवाजात काहीतरी म्हटले.

"काय म्हणालास? मोठ्यानं बोल! अरे हो, तुमची तर बोलती बंद आहे." लासिसी फावड्यावर रेलला. त्याला इतकी चांगली संधी आजवर मिळाली नव्हती. "मग ऐका. तोला, तुझा कोंबडा मीच खाल्ला होता त्या साली. आणि तुझ्या ढिगांपेक्षा माझ्या म्हातारीचं कुबड बरं. बोल! का नाही बोलत?"

सगळे हसले. तोला लाल डोळ्यांनी पाहत राहिला. मग खाली वाकून, दात खाऊन, पण अगदी सभ्य आवाजात म्हणाला, "लासिसीदादा, माश्या उठू देत. तुमच्या दारात येऊन बोलेन."

"ये, ये. कोंबडा शिजवून ठेवतो."

आयिन्लाला हसू आले. ते त्याने खांद्याला तोंड पुसायच्या निमित्ताने पुसले. तोलाने ते पाहिले होते.

दुपारी माणसे सावलीत बसली. आसाबी आणि मोरेनिकेने कुटलेला कंद आणि भेंडीचा रस्सा डोक्यावरून आणला. लासिसी जेवून उठला आणि झालेल्या ओळींवरून नजर फिरवता फिरवता थांबला. एक ओळ बाकीच्यांपेक्षा आखूड होती, पण दोरी लावल्यासारखी सरळ होती. ढिगामागे ढीग, सगळे एका उंचीचे.

"ही ओळ आहे की वेल्डिंगची शिवण?" तो म्हणाला. आणि पुढे काही टोमणा मारला नाही.

संध्याकाळी आसाबी शियाच्या बियांच्या लोण्याचा गोळा घेऊन आयिन्लासमोर बसली. "हात दे."

"असू दे, मोठी आई."

"दे म्हणते."

तिने त्याचे तळवे उलटे केले, सुटलेली कातडी नखाने बाजूला केली आणि लोणी चोळले. ते झोंबले. त्याने हात मागे ओढला, तिने पुन्हा पुढे ओढला. तिच्या स्वतःच्या बोटांची पेरे वाकडी झाली होती. बोलायचे तिच्या पोटात किती होते हे तिच्या जबड्यावरून दिसत होते. दोन्ही हात नीट चोळून झाल्यावर राहिलेले लोणी स्वतःच्या कोपराला पुसून उठली.

*

माश्या उठल्या नाहीत. वर ऊन तापू लागले. उघड्या ढिगांतली ओल उडून जाऊ नये म्हणून बायका प्रत्येक ढिगाच्या डोक्यावर गवताची चुंबळ ठेवून वर मातीचे ढेकूळ दाबत होत्या. तरी तोला रोज सकाळी एखाद्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाही, बाहेर काढून बोटे चोळी आणि वास घेई. आणखी थोडे दिवस ओल टिकेल. फार नाही.

आयिन्लाचे हात फावडे धरण्याजोगे राहिले नव्हते. बापाने त्याला मांडवाशी बसवले. काम एकच, माश्यांसाठी ठेवलेल्या पसरट थाळीतले पाणी आटू द्यायचे नाही. थाळीत खडे टाकले होते, म्हणजे माश्या बुडत नाहीत.

पहिल्यांदा त्याला तो नुसता कुजबुजता ढीग वाटला. मग त्याला एकेक दिसू लागली. बहुतेक जणी हलत नव्हत्या, एकमेकींच्या पायांना धरून लोंबत होत्या. पण काही बाहेरून येत, त्या थव्याच्या पाठीवर उतरत आणि एक चमत्कारिक प्रकार करीत. सरळ रेषेत थोडे अंतर कंबर थरथरवत जायचे, मग अर्धा वळसा घेऊन परत मागे यायचे, पुन्हा तीच रेष. शेजारच्या दोन-चार जणी तिच्या मागे मागे, तिला मिशांनी चाचपत. एकीची रेष विहिरीकडे होती. दुसरीची ओलीच्या दिशेला. तिसरी तिसरीकडेच. कधी एक दुसरीच्या रेषेत घुसे आणि तिला डोक्याने ढुशी देई, की तिचे थरथरणे थांबे.

"भांडतायत," आयिन्ला म्हणाला.

मागे तोला उभा होता. रानातून आलेला, पोटऱ्यांपर्यंत मातीने माखलेला. तो थोडे अंतर सोडून उकिडवा बसला.

"कोण?"

"ह्या. जागेवरून."

तोलाने पाहिले. आवाज चढवायचा नसेल तर भांडण कुठून सुरू करायचे हे दोघांनाही कळत नव्हते. शेवटी आयिन्लाने, माश्यांवरची नजर न काढता, सुरुवात केली.

"फावडं तुला दिलं त्याचं मला काही नाही. तूच राबतोस."

"मग?"

"मला बोलावलं नाही."

"सणाला घरच्यांना बोलवावं लागतं का? तू यायला हवं होतंस."

"गिऱ्हाइकाचं गेट होतं. येता आलं नाही. पण माझी फाक कुठाय? चार फाका. बाबा, मोठी आई, तू. चौथी माझी. जो घरात नसतो त्याची ठेवतात. माझी आई गेली तेव्हा तू इबादानला होतास. तुझी फाक मी पानात गुंडाळून ठेवली होती. तू आल्यावर दिली की नाही?"

"दिलीस."

"मग माझी कोणी ठेवली? मी वाट पाहिली, तोला. कोणीतरी शाकीला येईल, खिशातून पुडी काढील. लासिसी दर बाजाराला येतो शाकीत. त्याच्याहाती तरी पाठवायची. म्हणजे मी ह्या घरात आहे की नाही, एवढंच."

तोलाने जमिनीवरची काडी उचलून मोडली, मग तिचे तुकडे पुन्हा मोडले.

"ठेवली होती," तो म्हणाला. "काठीपाशी, पानावर."

"मग?"

"मुंग्या लागल्या."

"टाकून दिलीस?"

"देवापुढची फाक टाकतात का?" तोलाचा आवाज आणखी खाली गेला. "झटकली. आणि खाल्ली."

"काय?"

"खाल्ली. मी. थोड्या मुंग्याही गेल्या असतील."

आयिन्ला त्याच्याकडे पाहतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, तो खरा होता. त्या रागाला बाहेर पडायला वाट नव्हती. आयिन्लाचे खांदे हलू लागले. तोलाला वाटले, हा रडतोय. मग त्याच्या नाकातून एक फुसकारा निघाला. तोलाने घाईने स्वतःचे तोंड दाबले. दोघे मांडवापासून गुडघ्यांवर रांगत दूर गेले, मक्याच्या कणगीमागे, आणि तिथे पोट धरून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"चावल्या का?" आयिन्लाने विचारले.

"जिभेला. बाबांनी विचारलं, बोबडा का बोलतोस."

पाणी पुसून झाल्यावर आयिन्ला गंभीर झाला. "तरी ते बरोबर नव्हतं."

"नव्हतं," तोला म्हणाला. "तुला सांगायला पाहिजे होतं. मग जसे दिवस गेले तसं ते अवघड होत गेलं. तू बियाणं मागायला निरोप पाठवलास, तेव्हा मला वाटलं, हा तसाही जाणारच होता." त्याने पोटऱ्यांवरची वाळलेली माती खरवडली. "एकट्यानं होत नाही रे ते शेत. बाबांना सांगत नाही मी. पण होत नाही."

थाळीतले पाणी आटले होते. आयिन्ला घागर आणायला उठला.

*

मग एका सकाळी आयिन्ला थाळी भरायला गेला आणि थाळी हातात तशीच धरून मांडवापुढे उभा राहिला. मग बापाला बोलवायला गेला.

"आज जातील त्या, बाबा."

"कशावरून?"

"बघा ना. काल चार दिशांना नाचत होत्या. आज सगळ्या एकाच दिशेला."

ओपादिरान पुढे वाकला. त्याची नजर अधू झाली होती. त्याला काही दिसले असेल असे वाटत नाही. पण तो बराच वेळ वाकून राहिला. "भांडण मिटलं म्हणतोस."

"हो."

"कोणी ओरडलं नाही," बाप म्हणाला आणि कंबर धरून सरळ झाला.

ऊन मांडवात शिरले तसा तो घोस सैल होऊ लागला. कुजबुज चढत गेली. एकाएकी तळातून दोरा ओढल्यासारख्या माश्या सुटल्या, हवेत फिरल्या, अंगणभर झाल्या. मोरेनिकेने बाळाचे डोके पदराखाली घेतले. आसाबी गुडघ्यांवर बसली. तो थरथरता धूर छपरावरून गेला आणि खालच्या ओलीकडे, गोरखचिंचेच्या जुन्या ढोलीच्या दिशेने, नाहीसा झाला. मागे मधल्या खांबावर दोन कंद उघडे राहिले. त्यांच्या सालीवर मेणाचे दोन-तीन पांढरे ठिपके होते.

कोणीच हलले नाही. आवाज काढायची मोकळीक पुन्हा मिळाली होती आणि ती आधी कोणी वापरायची हे कळत नव्हते.

"बोला आता," ओपादिरान नेहमीच्या आवाजात म्हणाला. इतक्या दिवसांनी तो सगळ्यांना दरडावल्यासारखा वाटला. "ज्याला जे बोलायचं ते बोला."

आसाबी उठली. तिने आधी कमरेचे कापड घट्ट केले.

"मी बोलते!" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "चुलीतली राख कोणी काढली नाही! माझी पळी कोंबडीच्या खोलीत सापडते! तोला, तू चिखलाचे पाय घेऊन घरात येतोस ते मी रोज बघतेय! मोरेनिके, पामतेलाचं भांडं उघडं ठेवलंस, त्यात पाल गेली, मी तोंडातून शब्द काढला नाही! आणि हे," तिने नवऱ्याकडे बोट केले, "हे दोन वेळा आंबील पितात आणि एकदाच प्यालो म्हणतात! आणि तू, आयिन्ला! तू त्या दिवशी बोटं टेकवलीस! बोटं! मी तुला पाठीवर घेतलंय, तुझी आई बाजाराला गेली की माझ्या पाठीवर असायचास, आणि माझ्यासमोर माझ्या नवऱ्याला बोटं टेकवतोस!"

शेजारच्या कुंपणापलीकडून लासिसीचा आवाज आला, "माश्या गेल्या वाटतं!"

"लासिसी, तू माझा कोंबडा खाल्लास!" आसाबी त्याच श्वासात ओरडली, आणि पलीकडून एकदम चिडीचूप झाले.

बाळ हसू लागले. मग मोरेनिके, मग सगळेच. आयिन्ला हसत हसत बापापुढे आला आणि अंगणातल्या मातीत पालथा झोपला, छाती जमिनीला टेकवून, हात दोन्ही अंगांना. शर्टाची इस्त्री तर केव्हाच गेली होती. बापाने वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही.

उठल्यावर आयिन्ला तोलाकडे वळला. "मी केलेली ओळ कुणाची?"

"ज्यानं केली त्याची."

"मग माझ्या वाट्याचं बियाणं त्या ओळीत जाईल. आणि तिच्या पलीकडच्या चार ओळींत. मी दर आठवड्याला येईन, मोटरसायकल आहे. सासऱ्यांना एका खांबाचे कंद देतो, नुसता रिकामा गेलो तर बरं दिसणार नाही."

"मधल्या खांबाचे दे," तोला म्हणाला. "चांगले आहेत."

"आता तूच म्हणतोस?"

"सासरा आहे. लाज राखायला नको?"

गाडीवाल्याला फोन गेला. तो आला, खांबभर कंदांकडे त्याने पाहिले, झावळ्या अंथरलेल्या रिकाम्या गाडीकडे पाहिले. "एवढ्यासाठी मला कुजबुजून बोलावत होतास?" तो म्हणाला.

"गप्प बस, घरात—" आयिन्लाने ओठांवर बोट ठेवले आणि मग लक्षात येऊन स्वतःच हसला.

बियाणे काढायच्या आधी ओपादिरानने सगळ्यांना आतल्या खोलीत घेतले. काठीवर गार पाणी ओतले, जमिनीवर ओतले. त्याने जे मागायचे ते नेहमीच्याच क्रमाने मागितले. धन मागितले, लेकरे मागितली, अकाली मरण नको म्हणाला. आणि ही तिन्ही ज्या घरात टिकतात त्या घराचा थंडपणा मागितला. मग फळ फोडून चार फाका टाकल्या. दोन उताण्या, दोन पालथ्या.

त्याने एक आसाबीला दिली, एक स्वतः घेतली, एक तोलाला. चौथी आयिन्लाच्या तळहातावर ठेवली, नव्या, गुलाबी कातडीवर.

"पुढच्या वेळी मी नसलो," आयिन्ला म्हणाला, "तर फोन करा. येईपर्यंत थांबा."

"थांबू," बाप म्हणाला.

आयिन्ला ती फाक बोटांत धरून पाहत राहिला. तिची आतली बाजू फिकट तांबडी होती, ओलसर. बाहेर मोरेनिके टोपल्या काढत होती, त्यांचा आवाज येत होता. तोलाने आपली फाक अजून तोंडात घातली नव्हती. तो भावाकडे पाहत होता.

"खा आधी," तो म्हणाला. "मुंग्या लागतील."